दुकान वाढवण्याची वेळ

रात्रीचे साडेनऊ वाजले होते, घरातली साखर संपली होती आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने शटर अर्ध्यावर ओढले होते. "आता दुकान वाढवतोय, सकाळी या," तो म्हणाला. माझा भाचा सोबत होता. त्याचे सारे शिक्षण परप्रांतात, इंग्रजी माध्यमात झालेले. त्याने उत्साहाने हात पुढे केला. "अभिनंदन, काका! शेजारचा गाळा घेताय का?"

वाणी चपापला. "तुम्हाला कोणी सांगितलं? अजून बोलणी चालू आहेत," असे म्हणत त्याने शटर पुन्हा वर केले, अर्धा किलो साखर जोखली आणि जोखता जोखता गाळ्याची सारी हकीगत ऐकवली. शेवटी म्हणाला, "आता परवाच्या बैठकीवर सगळं अवलंबून आहे." आम्ही दोघांनीही माना डोलावल्या.

खरे तर भाच्याचे काय चुकले? वाढवणे म्हणजे मोठे करणे, हा अर्थ शाळकरी मूलही सांगेल. पण दुकान 'बंद' झाले, बांगडी 'फुटली', मंगळसूत्र 'तुटले' असे उच्चारणेच आपल्या आज्यापणज्यांना अशुभ वाटे, म्हणून त्यांनी त्या सगळ्यांवर नेमक्या उलट अर्थाच्या एकाच शब्दाचे पांघरूण घातले आणि दुकान, बांगडी, मंगळसूत्र अशा साऱ्या गोष्टी 'वाढवल्या'. देवापुढे नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. त्याच धास्तीने घराबाहेर पडणारा माणूस "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो, आणि तरीही दारातले कोणी त्याला "ये, बस" म्हणत नाही. पानात भात वाढताना मात्र हाच शब्द अगदी निरुपद्रवी होतो, हे मला फार गमतीचे वाटते.

परतताना भाचा म्हणाला, "चला, परवा कळेल." मी म्हटले, "अरे, बैठक होऊन गेली की!" परवा म्हणजे कालच्या आदला दिवस आणि उद्याच्या नंतरचाही. एरवी "परवा आला" की "परवा येईल" एवढ्यावरून निवाडा होतो, पण वाण्याच्या वाक्यातल्या 'परवाच्या'ला काळ सांगणारे क्रियापदच नव्हते. तरी आपले बोलणे दोघांनाही नीट पोचले, असे समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले होते.

साखर घरी पुन्हा जोखली. ती मात्र अर्धा किलोच भरली.