दुकानं बंद, पेट्या कुठे गेल्या?

मेलबर्नमध्ये हवामानाच्या अंदाजात तापमानासोबत यूव्ही इंडेक्सही सांगतात, म्हणजे उन्हातले अतिनील किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा. तो ३ किंवा त्याच्या वर गेला की टोपी, सनस्क्रीन, लांब बाह्या. बऱ्याच प्राथमिक शाळांत टोपी विसरलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत सावलीतच बसावं लागतं. उन्हाला इतकं टरकून असलेल्या या देशात लोक एकेकाळी कातडी रापवायला पैसे मोजून हेच किरण अंगावर घेत होते!

त्या दुकानांना इथे सोलॅरियम म्हणत. माणूस मावेल एवढी पेटी, खाली-वर निळसर नळ्या. डोळ्यांवर इवलासा गॉगल लावून आडवं व्हायचं आणि झाकण ओढून घ्यायचं. पैसे देऊन काळं कोण होतं, ही तुमची शंका रास्त आहे, पण इथे तो रंग म्हणजे समुद्रावर सुट्टी घालवल्याची खूण. प्रत्यक्षात ती त्वचेची बचावाची धडपड असते. किरणांनी पेशींतल्या डीएनएला इजा होते, म्हणून मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारं द्रव्य वाढतं. यंत्रातला मारा भर दुपारच्या उन्हाच्या सहापट असू शकतो, असं इथली कॅन्सर कौन्सिल सांगते.

२००७ मध्ये मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर २६ व्या वर्षी मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाने गेली. शेवटच्या दिवसांत ती सोलॅरियमविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिली आणि सरकार हललं. २००८ मध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, सोलॅरियमला परवाना सक्तीचा झाला. १८ वर्षांखालच्यांना आणि चटकन भाजणाऱ्या अतिगोऱ्या त्वचेच्या लोकांना मनाई झाली. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या यंत्रांना तंबाखूच्या पंक्तीत बसवलं, आणि ब्राझीलने सरळ बंदी घातली.

इथे मात्र पूर्ण बंदीला २०१५ उजाडलं (वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०१६). मधली वर्षं नियमांवर काढली, हे मला पटत नाही. काउंटरवरच्या मुलीने गिऱ्हाइकाची त्वचा निरखायची आणि आलेला धंदा परत पाठवायचा, ही अपेक्षाच भाबडी होती.

आता सलूनमध्ये स्प्रे टॅन, म्हणजे अंगावर फवारायचा रंग मिळतो. तो कातडीच्या वरच्या मृत थराला रंगवतो, आठवड्याभरात उतरतो. बंदी आहे ती धंद्यावर. स्वतःच्या वापरासाठी घरात यंत्र ठेवणं गुन्हा नाही. त्यामुळे जुन्या पेट्या काही गॅरेजमध्ये पोचल्या आणि तिथे चोरून गिऱ्हाइकं घेतली जाऊ लागली. अशा जागांवर आरोग्य खात्याच्या धाडी पडतात, दंड होतो. घरगुती वापराची ती सवलत कशासाठी ठेवली, कोण जाणे.