फायबरच्या बॉनेटला शिव्या घालण्याआधी स्प्रिंग बघा

जुन्या मसल कारवर (साठ-सत्तरच्या दशकातल्या दणकट इंजिनच्या अमेरिकन गाडीवर) फायबरग्लासचं बॉनेट टाकलं, थोड्याच दिवसांत बिजागरीजवळ तडे दिसले, की लगेच "फायबर म्हणजे फालतू माल" म्हणून लोक मोकळे. हे इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही, म्हणून लिहितोय.

फायबर वाईट नाही हो. कॉर्व्हेटची तर १९५३ पासून अख्खी बॉडीच फायबरची. १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टला, १९६८ च्या डॉज हेमी डार्टला वजन कमी करायला कंपनीनेच फायबरची बॉनेटं दिली होती. आणि १९६९ ची डॉज सुपर बी, ती ४४० सिक्स पॅक इंजिनवाली, तिच्या बॉनेटला बिजागरीच नाही! चार पिना काढायच्या, दोघांनी मिळून बॉनेट उचलायचं आणि बाजूला ठेवायचं. मला हे फार आवडतं, कारण जिथे तडा जातो ती जागाच तिथे ठेवली नाही.

आपण काय करतो, पत्र्याचं जड बॉनेट काढतो, हलकं फायबरचं बसवतो, पण बिजागरीतली स्प्रिंग तीच जुनी. ती स्प्रिंग जड पत्रा उचलून धरायला बनवलेली. आता बॉनेट बंद करताना तुम्ही पुढची कड खाली दाबता, मागे स्प्रिंग वर ढकलत असते, आणि मधल्यामध्ये बॉनेट धनुष्यासारखं वाकतं. गाडीच्या बाजूला खाली बसून, डोळा बॉनेटच्या पातळीला आणून कुणाला तरी ते हळूहळू बंद करायला सांगा, मधला फुगवटा स्पष्ट दिसतो, आणि बंद झाल्यावरही काचेकडचे दोन्ही कोपरे उचललेले राहतात. दर वेळी असं वाकणार मग तडा जाणार नाही तर काय होणार. म्हणून हलकी स्प्रिंग लावा, नाहीतर स्प्रिंग काढूनच टाका आणि दांडी लावून बॉनेट उभं करा. गॅसचे स्ट्रट (बॉनेट उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या दांड्या) लावताय तरी तेच, जास्त ताकदीचे घेतलेत तर तेही वाकवणारच. आणि दाबताना एका कोपऱ्यावर जोर नको, दोन्ही हात पसरून दाबा.

बॉनेट घेताना ते उलटं करून बघा. आतली फ्रेम वरच्या थराला नीट चिकटलीय का ते नाण्याने टकटक करून कळतं, चिकटलेल्या ठिकाणी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या ठिकाणी बद्द. बोल्ट बसतो तिथे आत धातूची पट्टी आहे का तेही बघा, नसेल तर निदान मोठे वॉशर टाका.

तडा गेलाच तर वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारू नका प्लीज, तो परत येतोच. रंग आणि जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) घासून काढा, चीर संपते तिथपर्यंत जा, खालच्या बाजूने मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिनचे (ते घट्ट धरणाऱ्या राळेचे) थर द्या आणि मगच वरची बाजू भरा. रेझिन इपॉक्सी असेल तर बॉनेटच्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर छान धरतं, उलट मात्र नाही, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

रंगाचीही घाई नको. नवं बॉनेट पूर्ण सेट झालेलं नसतं, रेझिन नंतरही आकसतं, आणि चकचकीत काळ्या रंगाखाली, इंजिनच्या उष्णतेने, काही महिन्यांत आतल्या फ्रेमच्या रेषा वर उमटतात. त्यापेक्षा रंग न देता गाडीवर बसवा, उन्हात राहू द्या, इंजिनची धग लागू द्या, मग घासून प्रायमर मारा.

आणि बॉनेट वरून अडकवणाऱ्या पिना लावाच. हायवेवर वेगात हवा आत शिरली की हलक्या बॉनेटची पुढची कड थरथरायला लागते, अशा वेळी फक्त मधल्या जुन्या लॅचवर मी तरी विसंबणार नाही. भोकं पाडायला जीवावर येतं हे मान्य, पण बॉनेट उडून काचेवर आलं तर काच जाईल आणि पुढचं काही दिसणार नाही ते वेगळंच.