अलाइनमेंटचे आकडे आपण सांगायचे

परदेशात वर्कशॉपमधून मिळणारा अलाइनमेंटचा (गाडीच्या चाकांचे कोन जुळवण्याचा) कागद आधी नीट वाचता यायला हवा. बऱ्याच मशीन अंश आणि मिनिटे छापतात, आणि एका अंशात ६० मिनिटे असतात. म्हणजे १°३०′ हे दीड अंश झाले, १.३ नव्हे. टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळलेले आहे तो कोन) मिलिमीटरमध्ये दिला असेल तर तो रिमच्या व्यासावर मोजलाय की टायरच्या, हे विचारून घ्यावे. १८ इंची रिमवर १ मिमी म्हणजे सुमारे ७.५ मिनिटे; ६५० मिमी व्यासाच्या टायरवर तोच १ मिमी जेमतेम ५.३ मिनिटांचा. आकडा एका चाकाचा आहे की दोन्ही मिळून, तेही पाहावे. फोरमनशी बोलताना निम्मी चूक इथेच होते.

स्क्रीनवर सगळे हिरवे दिसले म्हणून समाधान मानू नका. कंपनीची मर्यादा इतकी ऐसपैस असते की डावा कँबर (समोरून पाहता चाकाचा कल; वरचे टोक आत झुकले की निगेटिव्ह) −०.६° आणि उजवा −१.३° असला तरी दोन्ही हिरवे दिसू शकतात. म्हणून लक्ष्याचे आकडे लिहून न्यावेत आणि ‘डावे-उजवे ०.१ अंशाच्या आत’ असे स्पष्ट सांगावे.

रोजची गाडी अधूनमधून रेस ट्रॅकवर जाणार असेल तर पुढे −१.५° ते −२° कँबर, मागे साधारण तेवढाच किंवा थोडा कमी, ही चांगली सुरुवात. सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे) टायर घालून फक्त ट्रॅकवर पळवायची असेल तर पुढे −२.५° ते −३.५° लागतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बरच चाकाला वरून धरतो असे सस्पेन्शन) असेल तर या मर्यादेतल्या जास्त निगेटिव्ह टोकाकडे जावे. वळणावर बॉडी कलली की स्ट्रटच्या रचनेत चाकाला पुरेसा निगेटिव्ह कँबर मिळत नाही. डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्म असलेल्या सस्पेन्शनमध्ये) ती भरपाई बरीचशी आपोआप होते. गाडी वळणात नाक बाहेर टाकत असेल तर पुढचा कँबर वाढवणे, म्हणजे अधिक निगेटिव्ह करणे, हा पहिला उपाय. मात्र मागचा अति वाढवला की सरळ रेषेत टायरचा पूर्ण पट्टा रस्त्यावर टेकत नाही आणि मागच्या चाकांनी चालणारी गाडी जोर टाकताना घसरते.

टायर आतून झिजला की दोष कँबरला दिला जातो. बहुतेक वेळा खरा चोर टो असतो! एका चाकाला ०.२५° टो असला तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवे फरफटते. कँबर निगेटिव्ह असल्यामुळे ती फरफट आतल्या कडेवर येते, इतकेच. रस्त्यासाठी पुढे शून्य टो ठेवावा. थोड्या टो-आउटने (चाकांची पुढची टोके बाहेर) गाडी वळणात पटकन शिरते, पण हायवेवर सतत भिरभिरते. मागे मात्र प्रत्येक चाकाला ०.१° ते ०.२° टो-इन (पुढची टोके आत) हवाच. मागे टो-आउट गेला तर वळणात ॲक्सिलरेटर सोडताच मागची बाजू पुढे यायला बघते.

कॅस्टर (बाजूने पाहता, चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव) वाढवला की स्टीअरिंग जड होते, पण वळवल्यावर बाहेरच्या चाकाला फुकटात निगेटिव्ह कँबर मिळतो. इथे परदेशाचा एक खास मुद्दा. उजव्या बाजूने वाहतूक चालते तिथे पाणी निघून जावे म्हणून रस्ता उजवीकडे उतरता असतो आणि गाडीही तिकडेच सरकते. कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी ओढते, म्हणून डाव्या चाकाचा कॅस्टर मुद्दाम किंचित कमी ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे नेमके उलटे. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला दोन्ही बाजू सारख्याच ठेवाव्यात.

मशीनवर चढवण्याआधी हवा थंड टायरमध्ये भरलेली, टाकी अर्धी आणि सीटवर चालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. सस्पेन्शनचा बुश (रबरी सांधा) किंवा बॉल जॉइंट ढिला असेल तर पुढचे सगळे काम वाया. गाडी लोअर करायची (उंची कमी करायची) असेल तर ती आधी, कारण उंची बदलली की कँबर आणि टो दोन्ही हलतात. क्रम असा: आधी मागचा कँबर, मग मागचा टो, पुढे कॅस्टर, कँबर आणि शेवटी टो. कँबर हलवला की टो बदलतोच, त्यामुळे उलट क्रमाने काम केले तर ते दोनदा करावे लागते. मागचा टो डावा-उजवा सारखा नसेल तर गाडी सरळ जाताना स्टीअरिंग वाकडे राहते. ते पुढच्या टाय रॉडने (टो बदलण्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांडीने) लपवू देऊ नका. जुन्या गाडीत एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून कोन बदलायचे बोल्ट) बुशच्या स्लीव्हमध्ये गंजून बसतात, तेव्हा आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारे तेल मारत राहावे आणि नवे बोल्ट हाताशी ठेवावेत.

आकडे बरोबर निवडलेत का, ते टायरच सांगतो. वेगातल्या लॅपनंतर लगेच, सावकाश कूल-डाउन लॅप न घेता, टोचून मोजणाऱ्या थर्मामीटरने आत, मध्ये आणि बाहेर तापमान घ्यावे. इन्फ्रारेड फक्त वरचा पृष्ठभाग मोजतो आणि तो झरझर थंड होतो. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंश सेल्सियस गरम असेल तर कँबर ठीक. बाहेरची जास्त तापली तर कँबर अजून वाढवा. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर कँबरला हात लावू नका, हवा कमी करा.

काम झाल्यावर लॉकनट टॉर्क रेंचने आवळले का ते विचारा, आणि स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या. तो राहिला तर सरळ रस्त्यावरही ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) गाडी वळतेय असे वाटते आणि ती मध्येच ब्रेक लावते.