साभार परत, आणि एक दुमडलेला कोपरा

माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मी नऊ प्रकाशकांकडे पाठवले. त्यांपैकी चौघांकडून काहीच उत्तर आले नाही, चौघांनी ते दोन ओळींचे पत्र जोडून साभार परत केले, आणि एका संपादकांनी मात्र दीड पानाचे पत्र लिहून नकार कळवला. या सगळ्यात दोन वर्षे गेली. त्या दीड पानाच्या पत्राने मी सर्वांत जास्त दुखावले गेले होते, आणि आज मागे वळून पाहताना माझ्या लेखनाला सर्वांत जास्त उपयोग त्याच पत्राचा झाला, हे मला मोकळेपणाने लिहून ठेवायचे आहे.

हस्तलिखित पाठवणे हे स्वतंत्र शिकण्याचे काम आहे, याची मला सुरुवातीला कल्पना नव्हती. बहुतेक प्रकाशक पूर्ण कादंबरी मागत नाहीत. एक परिचयपत्र, एक-दोन पानांचा सारांश आणि सुरुवातीची दोन-तीन प्रकरणे एवढेच मागतात. पहिल्या चार ठिकाणी पाठवलेल्या सारांशात मी शेवट सांगितलाच नव्हता, कारण वाचणाऱ्याची उत्सुकता टिकून राहावी असे मला वाटत होते. ही सरळसरळ चूक होती. सारांश म्हणजे पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर नव्हे. कथानक शेवटपर्यंत नीट पेलले आहे की नाही, हे संपादकाला त्यातूनच जोखायचे असते, आणि शेवट झाकून ठेवणारा लेखक त्याला हे जोखूच देत नाही. पुढच्या पाच ठिकाणी मी शेवटासह सारांश पाठवला. दीड पानाचे उत्तर आले ते त्यांतल्याच एका ठिकाणाहून.

त्या पत्रात संपादकांनी भाषेचे आणि थोरल्या बहिणीच्या व्यक्तिरेखेचे कौतुक केले होते, आणि मग लिहिले होते की तिसऱ्या प्रकरणात जुन्या घराचे वर्णन सुरू होते तिथे कथा थांबते आणि पुढची दहा-बारा पाने ती हलत नाही. ते वर्णन मला संपूर्ण कादंबरीत सर्वांत प्रिय होते. मी पत्र घडी घालून खणात ठेवले आणि त्यांना धन्यवादाचे साधे उत्तरही पाठवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

याच सुमारास या नऊ जणांखेरीज आणखी एका प्रकाशनसंस्थेकडून अवघ्या दोन दिवसांत होकार आला. पत्रात कादंबरीला अप्रतिम म्हटले होते. पण पात्रांचा, प्रसंगांचा किंवा शीर्षकाचाही उल्लेख कुठे नव्हता, आणि तिसऱ्या परिच्छेदात प्रकाशनाचा संपूर्ण खर्च मी करावा, असे नमूद केले होते. सोबतच्या करारानुसार अनुवादाचे, ध्वनिपुस्तकाचे आणि ई-पुस्तकाचे हक्क कायमचे त्यांच्याकडे जाणार होते. मी तो करार तीनदा वाचला आणि नाही म्हटले. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. मात्र खर्चही लेखकाचा आणि हक्क मात्र दुसऱ्याचे, हा व्यवहार कोणत्याही नवोदिताने मान्य करू नये, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी मी स्वतःच पुस्तक छापायचे ठरवले. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय आता उपलब्ध आहे आणि त्यात न खपलेल्या प्रती साठवाव्या लागत नाहीत, पण दर प्रतीमागे खर्च जास्त येतो. म्हणून मी मुद्रकाकडे तीनशे प्रती छापायला दिल्या. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, अर्ज केला तेव्हा कळले की २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला आहे आणि छापील पुस्तकाला व ई-पुस्तकाला वेगवेगळे क्रमांक घ्यावे लागतात. तीन वेळा मुद्रितशोधन केले, तरी चौथ्या वाचनात एका पात्राचे नाव दोन ठिकाणी बदललेले सापडलेच. मग मुद्रकाचा निरोप आला की मजकूर २२७ पानांवर संपतो आहे. सोळा पानांचा एक फॉर्मा याप्रमाणे चौदा फॉर्म्यांत २२४ पाने बसतात, तेव्हा तीन पाने कमी केली तर पुढच्या फॉर्म्याचा खर्च वाचेल. मी एका संध्याकाळी तीन पाने कमी केली. कुठून, तर तिसरे प्रकरण सोडून बाकी सगळीकडून थोडी थोडी. कागद वाचावा म्हणून काटछाट करायला मी लगेच तयार झाले आणि वाचकासाठी करायला तयार झाले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

पुस्तक हातात आले त्या दिवसाचा आनंद खरा होता. पण छापले जाणे आणि वाचले जाणे यांत केवढे अंतर आहे, ते त्यानंतरच्या महिन्यांत समजले. जवळपास सत्तर प्रती नात्यांत आणि मैत्रीत गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांकडून अभिनंदन आले, अभिप्राय आला नाही. मी वाचक मंडळांत जाऊन प्रकरणे वाचून दाखवली, परीक्षणासाठी नियतकालिकांकडे प्रती पाठवल्या, आणि काही ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत भेट दिली. वाचनाच्या कार्यक्रमानंतर दोन-तीन प्रती हमखास विकल्या जात, एवढेच त्यांतले निश्चित यश.

अशा काळात मला एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटेची हकीकत फार आधार देत असे. १८४६ मध्ये तिने आणि तिच्या दोन बहिणींनी टोपणनावांनी, स्वखर्चाने कवितासंग्रह काढला आणि वर्षभरात त्याच्या दोनच प्रती खपल्या. त्याच काळात तिच्या कादंबरीचे हस्तलिखित एकामागून एक प्रकाशकांकडून परत येत होते. ज्या कागदात गुंडाळून ते ती पुन्हा पाठवत असे, त्यावर आधीच्या प्रकाशकांची खोडलेली नावे तशीच दिसत असत. शेवटी एका प्रकाशनसंस्थेने नकारच दिला, पण त्या कादंबरीचे गुणदोष आस्थेने मांडणारे पत्र लिहिले आणि तीन खंडांची कादंबरी असेल तर ती लक्षपूर्वक पाहू, असे कळवले. काही आठवड्यांत तिने 'जेन आयर' ही आपली दुसरी कादंबरी त्यांच्याकडे धाडली आणि ऑक्टोबर १८४७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ही हकीकत मी कितीतरी वेळा वाचली होती, तरी त्यातला नेमका धडा घेतला नव्हता: तिने ते नकाराचे पत्र काम म्हणून वाचले, मी माझे अपमान म्हणून वाचले होते.

हे मला उमगले ते एका ग्रंथालयात. भेट दिलेल्या प्रतीचे काय झाले, ते पाहायला मी वर्षभराने गेले. पुस्तक कपाटात जागेवर होते. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे सहा शिक्के होते, म्हणजे माझ्या ओळखीपाळखीबाहेरच्या सहा जणांनी ते घरी नेले होते. तो क्षण मी कधीही विसरणार नाही. मी उभ्या उभ्या पाने चाळू लागले. एकोणपन्नासाव्या पानावर एका संवादाशेजारी पेन्सिलीची बारीक उभी रेघ होती. तो संवाद थोरल्या बहिणीचा होता. एकसष्टाव्या पानाचा वरचा कोपरा दुमडलेला होता, आणि त्यापुढे पुस्तकाच्या कडा इतक्या स्वच्छ आणि ताठ होत्या, की तिथून पुढे फारसे कोणी गेले नसावे, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. एकसष्टाव्या पानावरच जुन्या घराचे वर्णन सुरू होते.

घरी येऊन मी खणातले पत्र काढले. संपादकांनी ज्याचे कौतुक केले होते तिथे पेन्सिलीची रेघ होती आणि त्यांनी जिथे बोट ठेवले होते तिथे दुमडलेला कोपरा. मी ती बारा पाने पुन्हा लिहायला घेतली. त्यांची साडेतीन झाली, आणि घर आता थोरली बहीण किल्ली शोधते त्या प्रसंगातून, तिच्या हातांच्या हालचालींतून दिसते. या कामाला पाच महिने लागले. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. पण सुधारलेले प्रकरण आणि नव्या कादंबरीचा शेवटासह सारांश मी गेल्या महिन्यात त्याच संपादकांकडे पाठवला आहे. सोबतच्या परिचयपत्राचा पहिला परिच्छेद, तीन वर्षे उशिराने का होईना, त्यांना धन्यवाद देणारा आहे. उत्तर अजून आलेले नाही.