टेकडीपलीकडच्या शेतातून भरलेली ट्रॉली आणणार असाल तर

"ट्रॅक्टर निवांत जातो हो तिथे" असं सांगणारा माणूस एकतर उन्हाळ्यात गेलेला असतो नाहीतर रिकामा गेलेला असतो. रिकामी ट्रॉली चढली म्हणजे भरलेली उतरेल, हे डोक्यातून काढून टाका.

जातानाचं सांगण्यासारखं काही नाही. लो गिअर टाकला, चढला. पलीकडचं शेत सपाट, भरणी आरामात झाली.

भानगड परतीला. टेकडीच्या कडेनं वाट उतरते तिथे मुरूम सुटलाय, पावसाच्या पाण्यानं मधोमध चर पडलाय आणि अख्खी वाट ओढ्याकडे कललेली. एक चाक चरात आणि दुसरं दगडावर आलं की पोटात गोळा येतो, वर मागून ट्रॉली ढकलतेय, तिला ब्रेक नाही. अशात ब्रेक जोरात दाबला तर मागची चाकं जाम होऊन नुसती घसरतात आणि ट्रॉली बाजूनं पुढे येऊन ट्रॅक्टर आडवा करते. म्हणून गिअर वरच्या सपाटीलाच टाकायचा, सगळ्यात खालचा, आणि क्लचवर पाय ठेवायचाच नाही. मध्येच बदलायला गेलात आणि गिअर पडलाच नाही तर संपलं.

ब्रेकच्या दोन पेडलांची कडी उतरायच्या आधी लावा. शेतात वळायला सोडलेली असते आणि तशीच राहते, मग एकच पेडल दाबलं गेलं की एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. फोर व्हील असेल तर उतरतानाही टाका, कारण बऱ्याच ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, फोर व्हील टाकलं की पुढचीही धरतात. ओढ्याच्या काठापासून, काठ जितका खोल तितकं तरी लांब राहा, माती ओली असेल तर आणखी.

रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी लोखंडी कमान, उभा असेल तर बेल्ट लावाच, नसेल किंवा पाडलेला असेल तर लावू नका. आणि "मी मडगार्डवर बसून बाजू बघतो" म्हणणाऱ्याला चालत यायला सांगा, नाराज झाला तर होऊ दे.

ट्रॉली चरात रुतली तेव्हा एका शहाण्यानं दुसरा ट्रॅक्टर आणून साखळी टॉप लिंकच्या, म्हणजे मागे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, पिनला अडकवायला सांगितलं. अजिबात नाही! ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॉली जोडतो त्या पट्टीलाच. वरून ओढलं तर पुढची चाकं उचलतात, पाऊण सेकंदात सावरायची वेळ निघून जाते आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर. क्लच दाबेपर्यंतही वेळ मिळत नाही.

माझं मत विचाराल तर पावसाळ्यात ही वाट बंद समजा. कोरड्यातही ट्रॉली निम्मीच भरा, माल तळाशी आणि घट्ट बांधलेला. दोन खेपा होतील, डिझेल जाईल, जाऊ दे.