टेकाडाखालच्या माणसाचं नाव

युटाहमध्ये राहायला येऊन मला 17 वर्षं झाली. नाशिकहून कुणी आलं की त्यांना सॉल्ट लेक सिटीत टेंपल स्क्वेअरला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य मंदिराकडे, नेते, आणि परतताना गाडीत हा प्रश्न येतोच. "मॉर्मन लोक तुमचे शेजारी. त्यांच्या ग्रंथात अमेरिकेचा प्राचीन इतिहास आहे म्हणे. मग ती माया लोकांची देवळं, ते पिरॅमिड त्या ग्रंथातल्या लोकांनी बांधले का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून नीट लिहिते.

नाही, त्यांनी बांधले नाहीत. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गाडीत हे एवढंच बोलून थांबले की माझं मलाच बरं वाटत नाही. कारण शेजारी माझे आहेत, आणि ज्यांनी खरोखर बांधलं त्यांच्याबद्दल तर मी काहीच बोललेली नसते.

त्यांचा तो ग्रंथ म्हणजे 'बुक ऑफ मॉर्मन'. तो पहिल्यांदा विक्रीला आला ते मार्च 1830 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा या लहान गावात. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ तेव्हा 24 वर्षांचे होते. जवळच्या टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण देवाच्या सामर्थ्याने भाषांतरित केला, असं त्यांनी सांगितलं. गोष्ट थोडक्यात अशी: इसवी सनापूर्वी 600च्या सुमारास लीहाय नावाचा संदेष्टा कुटुंबासह जेरुसलेम सोडतो आणि समुद्र ओलांडून नव्या भूमीवर येतो. त्याच्या मुलांपासून नीफाइट आणि लेमनाइट असे दोन समाज होतात. पुनरुत्थानानंतर येशू त्यांना दर्शन देतो. पुढे लढाया होतात, नीफाइट संपतात, आणि शेवटचा नीफाइट मोरोनाय सन 421च्या सुमारास ते पत्रे पुरतो. उरलेले लेमनाइट म्हणजेच अमेरिकेतले मूळ रहिवासी, असं पुढची दीडशे वर्षं सरसकट शिकवलं गेलं.

ही गोष्ट लोकांना पटली, याचं एक कारण तिथल्या मातीतच होतं. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत माणसांनी रचलेली मातीची हजारो टेकाडं आहेत. शेत नांगरताना भांडी, तांब्याच्या वस्तू, हाडं वर यायची. ज्यांना आपण हुसकावतो आहोत त्या 'इंडियन' लोकांच्या पूर्वजांनी हे उभारलं असेल, हे गोऱ्या वसाहतवाल्यांना मान्य करवत नव्हतं. मग कुणी इस्राएलच्या हरवलेल्या वंशांचं नाव घेई, कुणी आणखी कुणाचं. डिसेंबर 1830 मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला दिलेल्या संदेशात या टेकाडांचा दाखला दिला. कधीकाळी इथे एक बलाढ्य वंश होता, तो नष्ट झाला आणि आताच्या 'रानटी टोळ्या' आल्या, असा त्यांचा सूर होता. मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हटवण्याच्या कायद्यावर त्यांनी त्याच वर्षी सही केली होती. स्मिथ यांच्या ग्रंथाचा सूर असा नाही, हे सांगायलाच हवं. लेमनाइटांना देवाने दिलेली वचनं पुरी होतील, असं तो ग्रंथ पुन्हा पुन्हा सांगतो. पण टेकाडांचे कर्ते म्हणजे नाहीसा झालेला वेगळाच वंश, ही त्या काळची समजूत दोन्हीकडे होती.

मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी हकिगत जून 1834 मधली आहे. स्मिथ आपल्या अनुयायांसह पश्चिमेकडे पायी निघाले होते. इलिनॉय नदीकाठी एका उंच टेकाडावर त्यांच्या माणसांनी थोडं उकरलं, तेव्हा एक सांगाडा लागला. बरगड्यांत बाणाचं टोक अडकलेलं होतं. सोबतच्यांनी लिहून ठेवलंय की स्मिथ यांनी त्या माणसाची ओळख सांगितली: हा झेल्फ, गोरा लेमनाइट, शूर योद्धा. दुसऱ्या दिवशी पत्नी एमाला लिहिलेल्या पत्रात स्मिथ म्हणतात, आम्ही नीफाइटांच्या मैदानांवरून चालतो आहोत, त्यांच्या कवट्या आणि हाडं ग्रंथाच्या खरेपणाचा पुरावा म्हणून उचलतो आहोत.

आज पुरातत्त्वज्ञ ते टेकाड मूळ रहिवाशांच्या होपवेल संस्कृतीचं मानतात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातलं. म्हणजे काळ ग्रंथाशी जुळतो. पण त्या टेकाडांत ग्रंथातल्या समाजाच्या खुणा नाहीत: ना हिब्रू अक्षर मिळालं, ना पोलादाची तलवार, ना गहू, ना घोडा. अमेरिकेतले घोडे हिमयुगाच्या शेवटी संपले होते, ते परत आले स्पॅनिश जहाजांतून. पुरातत्त्वज्ञ सायरस थॉमस यांनी 1894 मध्ये आपला मोठा अहवाल छापून वाद मिटवला: टेकाडं बांधणारे म्हणजे इथल्याच मूळ रहिवाशांचे पूर्वज. आणि झेल्फ? त्या माणसाचं खरं नाव त्याच्या आईने कोणत्या भाषेत ठेवलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

पालेंकेचं मात्र वेगळं झालं. दक्षिण मेक्सिकोतल्या या माया नगरीची चित्रं 1841 मध्ये एका प्रवासवर्णनात छापून आली. 1842 मध्ये नॉवू गावातल्या मॉर्मन वृत्तपत्राने ही नीफाइटांचीच महान कामं असल्याचं लिहिलं. भिंतींवर लेख होते, पण ते तेव्हा कुणाला वाचता येत नव्हते. विसाव्या शतकात ती लिपी उलगडली आणि दगड बोलायला लागले. पालेंकेचं राजघराणं सन 431 मध्ये सुरू होतं. म्हणजे ग्रंथातली गोष्ट संपल्यावर. पाकल हा राजा 615 मध्ये बाराव्या वर्षी गादीवर आला, 683 मध्ये वारला, आणि तिथल्या प्रसिद्ध पिरॅमिडखाली त्याचीच कबर आहे. त्याची आई, त्याची मुलं, त्याच्या लढाया, सगळं त्या लेखांत आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पांडवलेणी आठवली. आजी सांगायची, पांडव वनवासात तिथे राहिले. मी अनेकदा त्या पायऱ्या चढले ते तेच मनात धरून. ब्राह्मी लिपी 1837 मध्ये उलगडली नसती, तर भिंतीवरच्या लेखातली, लेणं दान देणारी सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्याला भेटलीच नसती. उषवदात नाही, दक्षमित्रा नाही. नावं वाचता आली म्हणून महाभारत माझ्यासाठी लहान झालं नाही, आणि आजीही खोटी ठरली नाही. पण आता लेण्यांत गेले की मी गौतमीचं नाव घेते. ते दान तिचं आहे.

मॉर्मन लोकांनी हे प्रश्न टाळले, असं समजू नका. थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन या श्रद्धाळू वकिलाने 1952 मध्ये पुरातत्त्व संस्था काढली, पुढे चर्चने पैसा दिला, आणि मेक्सिकोच्या चियापास राज्यात वर्षानुवर्षं उत्खनन झालं. काम इतकं चोख की आजही अभ्यासक ते वापरतात. जे सापडलं ते मूळ रहिवाशांचं होतं. फर्ग्युसन यांचा ग्रंथाच्या ऐतिहासिकतेवरचा विश्वास 1970च्या दशकात उडाला. दुसऱ्या बाजूला, येमेनमध्ये मारिबजवळ सापडलेल्या वेद्यांवर 'न-ह-म' ही अक्षरं आहेत, काळही लीहायच्या प्रवासाच्या आसपासचा, आणि ग्रंथात त्या वाटेवर नेहम हे ठिकाण येतं. माझे शेजारी हा दाखला आनंदाने देतात, आणि तो मला विचार करण्याजोगा वाटतो. पण तो अरबस्तानातला आहे. समुद्रापलीकडची बाजू त्याने भरून निघत नाही. मूळ अमेरिकन लोकांचे पूर्वज आशियातून आले, हे डीएनए स्पष्ट सांगतं. ग्रंथाच्या प्रस्तावनेत 1981 पासून लेमनाइट हे त्यांचे 'मुख्य पूर्वज' होते. 2007 मध्ये ते 'पूर्वजांपैकी' झाले. भूगोलाबद्दल चर्चची अधिकृत भूमिका नाही.

पण हा बदल ज्यांच्याबद्दल होता, त्यांना कुणी विचारलं? 1947 पासून पुढे काही दशकं हजारो मूळ रहिवासी मुलं, बहुतेक नव्हाहो जमातीची, चर्चच्या योजनेतून शाळेच्या वर्षभर गोऱ्या मॉर्मन घरांत राहिली. 'तुम्ही लेमनाइट आहात' हे ती तिथेच शिकली. माझ्या ओळखीच्या एक बाई त्यांतल्याच. आता सत्तरीच्या आहेत, अजून दर रविवारी चर्चला जातात. त्या घराने त्यांना माया दिली, हे त्या सांगतात. आणि तिथे नव्हाहो बोलायची सवय गेली, हेही सांगतात. मी त्यांना एकदा तुमचाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मला येशू त्या पुस्तकात भेटला. माझी माणसं मला त्यात भेटली नाहीत. ती आधीपासून होती."

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये ज्याला वाटेल तो उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. एकदा त्यांच्या बोलावण्यावरून मी गेले होते. त्या उठल्या, माइक खाली ओढून घेतला, आणि सुरुवात इंग्रजीत केलीच नाही. आधी आईचं कुळ सांगितलं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. नव्हाहो माणूस ओळख करून देतो ती अशीच. सभागृह शांत होतं. चारही नावं सांगून झाल्यावर त्यांनी एक श्वास घेतला आणि मग येशूबद्दल बोलायला लागल्या.