वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी

फाईल मी आदल्या रात्रीच लावून ठेवली होती. वर शाळाप्रवेशाचा अर्ज, खाली एका रोहिंग्या मुलीच्या निर्वासित कार्डाची झेरॉक्स, मग लसीकरणाचा कागद, दोन फोटो. सगळ्यात शेवटी पेन्सिलीने खुणा केलेले दोन कागद: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची काही पानं आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये दिलेला आदेश. जन्मदाखला नव्हता. आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं, भाडेकरार नव्हता.

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. निवृत्तीनंतर मुलाकडे दिल्लीला आले आणि शेजारच्या एका नर्सबाईंमुळे या कामात ओढली गेले. आमची काही नोंदणीकृत संस्था नाही. एक वकील मैत्रीण, ही नर्स, कॉलेजची दोन पोरं, वस्तीतलाच एक तरुण जो दुभाष्याचं काम करतो, आणि मी. पैसे आपसांत जमवतो. किराणा, औषधं, बाळंतपणाला दवाखान्यात सोबत जाणं, असली कामं वर्षभर चालतात. एप्रिलमध्ये आणि सुट्टीनंतर जुलैमध्ये शाळांचं काम येतं, आणि ते माझ्याकडे असतं.

वस्ती रोहिंग्यांची, कालिंदी कुंजच्या बाजूला. म्यानमारच्या राखाइन प्रांतातले हे लोक. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना त्यांच्याच देशात परकं केलं. 2017 च्या ऑगस्टमध्ये लष्कराने गावं जाळायला सुरुवात केली तेव्हा सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. माझ्या फाईलमधल्या मुलीचे आईबाप त्याच्या कितीतरी आधी, 2012 च्या दंगलींनंतर निघालेले. मुलगी दिल्लीतच जन्मली. तरी ती भारतीय नाही, कारण 2004 च्या डिसेंबरनंतर इथे जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकी एक जण तरी भारतीय असावा लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. दवाखान्याने तिच्या जन्माचा कागद दिला होता. 15 एप्रिल 2018 च्या पहाटे कालिंदी कुंजच्या छावणीला आग लागली त्यात तो गेला. कार्डं पुन्हा काढता आली, तो कागद नाही. 2021 च्या जूनमध्ये तिथे पुन्हा आग लागली.

सकाळी आम्ही तिच्या झोपडीत गेलो. आई थोडंफार हिंदी बोलते, अडलं की दुभाष्या सांगतो. बाप पहाटेच भंगार वेचायला गेलेला. थोरली केस विंचरून, तेल लावून तयार बसली होती. धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, तिच्या मागून तिची वेणी ओढत होता. फाईल दोघांची लावायची असं आमचं आधी ठरलेलं, त्याचीही कागदं माझ्या पिशवीत होती.

आईने अर्ज हातात घेतला. वाचता येत नाही, पण रकाने तिला कळतात. पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "मॅडमजी, हा कागद शाळेतच राहतो ना?"

हा प्रश्न दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारला नसता. 2025 च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीतल्या वेगवेगळ्या वस्त्यांमधून रोहिंग्यांना उचललं गेलं. त्यातल्या काहींना अंदमानकडे नेऊन म्यानमारच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवलं, असं त्यांच्या नातेवाइकांनी सांगितलं. संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारसाठीचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी त्याची चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण या दाव्याला पुरेसा आधार दिसत नाही म्हणून न्यायालयाने अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. वस्तीत तेव्हापासून कुणी परका आला की दारं आपोआप लागतात. आमच्यासाठी उघडतात, एवढंच.

कॉलेजच्या पोरांपैकी एक जण चांगल्या मनाने म्हणाला, "चाची, काही होत नाही, शाळाच आहे." वकील मैत्रिणीने त्याला तिथेच थांबवलं आणि ती स्वतः जमिनीवर बसली. तिने आईला सगळं सांगितलं. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तुमचं कार्ड यूएनएचसीआरने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेने दिलंय, सरकारला ते बंधनकारक नाही. परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा एप्रिलमध्ये झालाय, अजून लागू व्हायचाय. परदेशी मूल घेतलं तर शाळेने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, असं त्यात लिहिलंय. म्हणून हा कागद शाळेतच राहील, असं मी सांगू शकत नाही. आणि दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने या फेब्रुवारीत तुमच्याच मुलांच्या बाबतीत सांगितलंय की सरकारी शाळेत अर्ज करा, हक्क असताना नाकारलं तर उच्च न्यायालयात या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ठरवायचं तुम्ही.

मला वाटतं, मदत करणाऱ्यांनी एवढं जरी पाळलं तरी खूप झालं. प्रवेश व्हावा अशी माझी जिवापाड इच्छा होती. पण धोका त्या बाईच्या घराला होता. मी संध्याकाळी माझ्या मुलाच्या फ्लॅटवर परत जाणार होते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग दुभाष्याच्या फोनवरून नवऱ्याशी बोलली, त्यांच्या भाषेत, हळू आवाजात. फोन ठेवून ती मला म्हणाली, "पोलिसांकडे आमचा पत्ता आहे. बोटांचे ठसे घेतले तेव्हा लिहून घेतला. तुमच्याकडे आहे. कार्डवाल्यांकडे आहे. शाळेलाच तेवढा माहीत नाही." आणि मग, "थोरलीचं घाला. धाकट्याचं आत्ता नको."

का, असं आम्ही विचारलं नाही. मी धाकट्याची कागदं पिशवीतून काढून तिच्या हातात दिली. ती तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली.

शाळा जवळच आहे, सरकारी प्राथमिक. मुख्याध्यापिका साधारण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. आम्हाला बसा म्हणाल्या, पाणी मागवलं. कार्डाची झेरॉक्स पाहिली आणि अपेक्षित होतं ते बोलल्या: "आधार आणा. ऑनलाइन त्याशिवाय पुढे जात नाही."

इथे वकिलीपेक्षा मास्तरकी उपयोगी पडते. मी म्हणाले, "मॅडम, ऑनलाइन नंतरचं. दाखल रजिस्टर तुम्ही अजून हातानेच लिहिता ना? पट आधी रजिस्टरवर लागतो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. विचारलं, कुठे होता, किती पटाची शाळा होती. मी सांगितलं. ऊसतोडीच्या गावांबद्दलही सांगितलं. दसरा झाला की आमचे वर्ग निम्मे रिकामे व्हायचे, आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पोरं परत यायची ती कुठल्या शाळेत किती दिवस बसली याचा पत्ता नसायचा. त्यांना आम्ही दाखल्यासाठी कधी दारात उभं केलं नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आमच्याकडे शिक्षण हमी कार्ड निघालं, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. ही मुलगी त्यांच्यासारखीच शाळाबाह्य आहे, एवढंच मी म्हणाले.

वकील मैत्रिणीने कलम 14 पुढे केलं. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी हा कायदा आहे, त्यात नागरिकत्वाची अट नाही. मुख्याध्यापिकांनी कलम वाचलं, मग न्यायालयाचा आदेश वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. चष्मा काढून म्हणाल्या, "हे बरोबर आहे. पण उद्या मला कुणी विचारलं की कुणाच्या सांगण्यावरून घेतलं, तर तुम्ही असाल का इथे?"

मला त्यांचा राग आला नाही. मुख्याध्यापकाची खुर्ची मी पाहिली आहे. वरून तोंडी सांगतात आणि चौकशी मात्र लेखी होते. म्हणून मी सुचवलं की आदेशाची प्रत अर्जालाच टाचा आणि रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा उल्लेख करा, म्हणजे सांगणारं सर्वोच्च न्यायालय होईल. वकील मैत्रिणीने दुसरी गोष्ट सांगितली: घ्यायचं नसेल तर नकार लेखी द्या, आम्हाला पुढे जायला तो लागेल. आवाज न चढवता सांगितलं. तोंडी नकार उच्च न्यायालयात सिद्ध करणं अवघड जातं. कित्येक मुलं अशी तोंडी नकारांवरच घरी बसली आहेत. आमच्या कामातला निम्मा भाग म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मिळवणं. पोच मिळाली की गोष्ट पुढे सरकते.

त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मधली सुट्टी झाली, खिचडीचा वास आला, पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. वाढणाऱ्या बाईने आमच्या मुलीलाही हाक मारली. आईने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

आत बोलावलं तेव्हा सूर बदललेला होता. अर्ज घेतो, म्हणाल्या. पण मुलीला येतं किती ते पाहायला तिसरीचं हिंदीचं पुस्तक दिलं. ती अक्षर अक्षर जोडून वाचू लागली. दुपारच्या आमच्या वर्गात ती येते, त्यामुळे मला तिची गती माहीत होती. हातच्याची वजाबाकी चुकली.

"पहिलीत घालते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

आई खूश झाली. तिला प्रवेश हवा होता, पहिली काय आणि चौथी काय. दुभाष्याही उठायच्या बेतात होता. त्या दिवशी मी खरी भांडले ती इथे.

नऊ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या पोरांत बसवली की ती दिवाळीपर्यंत टिकत नाही. ती त्यांच्यापेक्षा हातभर उंच असते, बाकात मावत नाही, चुकली की बारकी पोरं हसतात. त्यात ती घरातली थोरली, घरी कामाला हात हवाच असतो. मी अशा मुली पटावरून जाताना पाहिल्या आहेत. कुणी त्यांना काढत नाही, त्या यायच्या बंद होतात. बाराव्या-तेराव्या वर्षी पाचवीत असलेल्या मुलीचं लग्न काढतात, हे बीडमध्येही होतं आणि या वस्तीतही होतं. म्हणूनच कायद्याने कलम 4 घातलं आहे: कधीच शाळेत न गेलेलं मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. वयानुरूप प्रवेश. तो शाळेच्या मर्जीचा भाग नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "माझ्याकडे चौथीला एकच शिक्षिका आहे, तिच्या वर्गात आधीच मुलं जास्त आहेत. वेगळं कोण शिकवणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हणाले, दुपारनंतर मी शिकवते, वस्तीतल्या वर्गात, तुमच्या पाठ्यपुस्तकातून. दर आठवड्याला तुमच्या शिक्षिकेला वही दाखवते. दिवाळीनंतर तुम्हीच परीक्षा घ्या. पण पट चौथीचा लावा.

त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. विचारलं, "कुठल्या वर्गात बसायचंय?" मुलगी म्हणाली, "जिथे मोठ्या मुली आहेत तिथे."

रजिस्टर उघडलं. जन्मतारीख कार्डावरची घेतली, 1 जानेवारी. नेमकी तारीख माहीत नसलेल्या खूप निर्वासितांच्या कागदावर हीच तारीख असते. आधाराचा रकाना मोकळा राहिला. पत्ता आईने स्वतः सांगितला, झोपडी क्रमांकासकट. आईच्या अंगठ्याचा ठसा घेतला. शेऱ्यात आदेशाचा उल्लेख झाला. आमच्या प्रतीवर शिक्का बसला.

गणवेशाचे पैसे बँक खात्यात येतात आणि यांना खातं उघडता येत नाही, तेव्हा गणवेश आणि दप्तर आमच्या गटाने घेतलं. ते सोपं होतं.

बाहेर पडल्यावर आईने मला विचारलं, "मॅडमजी, आता घ्यायला आले तर शाळा काही सांगेल का, की ही आमची मुलगी आहे म्हणून?" वकील मैत्रीण म्हणाली, "सांगेलच असं नाही. पण तिचं नाव त्यांच्या रजिस्टरला आहे हे आम्ही न्यायालयात दाखवू शकतो." आईने तो शिक्क्याचा कागद मागून घेतला. मी आधी दोन झेरॉक्स काढल्या, एक वकिलाकडे, एक माझ्याकडे, आणि मूळ प्रत तिला दिली.

1 सप्टेंबरला नवा कायदा लागू झाला. त्यानंतर काही दिवसांनी मुख्याध्यापिकांचा मला फोन आला. माहिती कळवायची वेळ आली तर काय आणि किती कळवायचं, हे विचारण्यासाठी. वकील मैत्रिणीने त्यांना पत्राचा मसुदा करून दिला, त्यात पहिलं वाक्य न्यायालयाच्या आदेशाचं आहे. असं पत्र जायच्या आधी आईला सांगितलं जाईल, हे त्यांनी कबूल केलं आहे. मुलगी चौथीत बसते. वाचनाचा वेग वाढलाय, हातच्याची वजाबाकी जमते, भागाकार सुरू केलाय. धाकटा दुपारी तिच्याबरोबर आमच्या वर्गात येतो. त्याची कागदं अजून पेटीतच आहेत, आणि एप्रिलमध्ये त्याचं काय करायचं ते आई तेव्हा ठरवणार आहे.